मुदतवाढीचा पेच: ईएनएस डीएओची सुरक्षा समिती आणि दोन वर्षांची अट

जुलै २०२४ मध्ये ईएनएस डीएओने एका आठ जणांच्या समितीला एकच अधिकार दिला. (डीएओ म्हणजे ब्लॉकचेनवरच्या कोडने आणि टोकनधारकांच्या मतांवर चालणारी संस्था; टोकन म्हणजे मताचा हक्क देणारं डिजिटल नाणं.) मतदानात मंजूर झालेला प्रस्तावसुद्धा अंमलात येण्याआधी रद्द करायचा. आठपैकी चार सह्या जमल्या की काम झालं. सोबत करारातच, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या कोडमध्येच (स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये), एक अट घातली: दोन वर्षं उलटली की हा अधिकार कोणीही काढून घेऊ शकेल. कोणीही म्हणजे अक्षरशः कोणीही. त्याच्याकडे टोकन असो वा नसो, तो डीएओचा डेलिगेट (इतरांच्या वतीने मत देणारा) असो वा रस्त्यावरचा वाटसरू. ही मुदत भरते जुलै २०२६ मध्ये.

डीएओंमध्ये तात्पुरते अधिकार पैशाला पासरी मिळतात. सुरुवातीची संचालक मंडळं, आणीबाणीच्या चाव्या, ‘सध्यापुरते’ गार्डियन म्हणजे राखणदार. अडचण येते ती मुदत भरत आल्यावर. बहुतेक ठिकाणी मुदत एखाद्या ठरावात शब्दांनी लिहिलेली असते आणि शब्दांना बगल देता येते. ईएनएसने ती कोडमध्ये लिहिली. त्यामुळे इथे मुदतवाढ म्हणजे नेमकं काय, ती कोणाच्या हातात आहे आणि तिची किंमत काय, हे सगळं उघड्यावर दिसतं. अभ्यासाला इतकं स्वच्छ प्रकरण क्वचित मिळतं.

संस्था चालते कशी

ईएनएस म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनवरची इथेरियम नेम सर्व्हिस. वॉलेटच्या (डिजिटल पाकिटाच्या) लांबलचक पत्त्याऐवजी लक्षात राहील असं डॉट-ईथ नाव देणारी सेवा. ती ४ मे २०१७ रोजी सुरू झाली. नाव भाड्याने मिळतं: पाच किंवा जास्त अक्षरांचं वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरी १६० आणि तीन अक्षरी ६४० डॉलर. या उत्पन्नावर नोव्हेंबर २०२१ पासून डीएओचा ताबा आहे. त्या महिन्यात १० कोटी टोकन निघाले. पाव हिस्सा नावं घेतलेल्यांना, पाव हिस्सा काम केलेल्यांना आणि उरलेला अर्धा डीएओच्या तिजोरीत.

टोकनधारक स्वतः मत देऊ शकतो किंवा आपलं मत एखाद्या डेलिगेटकडे सोपवू शकतो. प्रस्ताव मांडायला १ लाख टोकनांचं पाठबळ लागतं. गणसंख्या एकूण टोकनांच्या १ टक्का, म्हणजे १० लाख. मतदान ४५,८१८ ब्लॉक चालतं. (ब्लॉक म्हणजे ब्लॉकचेनच्या साखळीला ठरावीक अंतराने जोडला जाणारा व्यवहारांचा गठ्ठा.) हा आकडा ठरवला तेव्हा तो बरोबर एका आठवड्याचा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली, ब्लॉक १२ सेकंदांवर स्थिरावला आणि तोच ‘आठवडा’ साडेसहा दिवसांच्याही आत आला. प्रस्ताव मंजूर झाला की तो टाइमलॉकमध्ये, म्हणजे अंमलबजावणी रोखून धरणाऱ्या करारात, दोन दिवस पडून राहतो आणि मग अंमलात येतो. तिजोरी, नोंदणीचे दर, नोंदणी करणारे करार या सगळ्याची शेवटची किल्ली या टाइमलॉककडेच आहे.

डीएओला स्वतःचं एक छोटं संविधानही आहे. नावावरची मालकी हिरावून घ्यायची नाही, शुल्क मुख्यतः नावांची साठेबाजी रोखण्यासाठी घ्यायचं, असली मोजकी कलमं त्यात आहेत. बदल करायचा तर दोन तृतीयांश बहुमत हवं. मात्र टाइमलॉकला संविधान वाचता येत नाही. त्याला फक्त मंजूर आणि नामंजूर एवढंच कळतं.

एका ब्लॉकची फट

समिती कशासाठी लागली, हे नीट समजल्याशिवाय तिच्या मुदतवाढीवर बोलण्यात अर्थ नाही. आणि माझ्या मते बहुतेक चर्चा इथेच घसरते. ‘सुरक्षेसाठी’ एवढं म्हटलं की सगळे माना डोलावतात.

धोका असा आहे. २०२१ मध्ये टोकन मिळालेल्यांनी ते हाती घेतानाच डेलिगेट निवडले होते. पुढे अनेकांनी टोकन विकले. विकत घेणाऱ्याने आपणहून मत सोपवलं नाही तर ते मत मतदानापुरतं मेलेलंच राहतं. जिवंत मतं अशी आटत गेली. तिजोरी मात्र भरत राहिली, कारण नावांचं भाडं येतच होतं. या दोन रेषा एकमेकींना छेदल्या की हिशेब सोपा होतो. समजा, मतदानाला प्रत्यक्ष ३० लाख मतं येतात आणि टोकनचा भाव २० डॉलर आहे. तर ६ कोटी डॉलरच्या आसपास खर्च करणारा माणूस एकट्याच्या बळावर काहीही मंजूर करून घेऊ शकतो. तिजोरीत त्याहून जास्त रोकड असेल तर तो तोट्यात जात नाही. (मोठी खरेदी केली की भाव चढतो आणि विकताना पडतो, हे खरं. पण टोकन उसनेही मिळतात.)

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: तसा प्रस्ताव आला तर झोपलेले टोकनधारक जागे होतील की! ईएनएसमध्ये ते जागे होऊन उपयोग नाही. कोणाकडे किती मतं आहेत याची नोंद प्रस्ताव मांडल्यानंतर लगेचच्या एका ब्लॉकवर घेतली जाते. म्हणजे १२ सेकंद. प्रस्ताव कोणाच्या नजरेस पडेपर्यंत मतांची यादी गोठलेली असते. त्यानंतर कितीही टोकन विकत घ्या, कितीही मतं डेलिगेटकडे सोपवा, त्या प्रस्तावापुरती ती शून्य. उलट हल्लेखोराला नोंद झाल्यावर टोकन विकून मोकळं होता येतं. त्याची मतं शाबूतच राहतात. बचाव करणाऱ्यांकडे फक्त आधीपासून सोपवलेली मतं उरतात.

या नोंदीच्या पद्धतीचा एक फायदाही आहे, तोही सांगायला हवा. एकाच व्यवहारात कर्ज काढून, मत देऊन, कर्ज फेडून पसार होण्याचा खेळ इथे चालत नाही. एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक या क्रिप्टो-प्रोटोकॉलवर तोच खेळ झाला आणि प्रोटोकॉलचं सुमारे १८.२ कोटी डॉलरचं नुकसान झालं. तिथे हल्लेखोराने जे दार वापरलं ते आणीबाणीसाठीच ठेवलेलं होतं: दोन तृतीयांश मतं असतील तर एका दिवसानंतर प्रस्ताव लगेच अंमलात आणायची सोय. संकटासाठी दिलेला अधिकार संकट आणणाऱ्याच्या हाती कसा पडतो, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

तर ईएनएसचा प्रश्न हा होता. गव्हर्नर करारात, म्हणजे मतदान चालवणाऱ्या करारात, प्रस्ताव आणि मतांची नोंद यांतला विलंब एका ब्लॉकचा आहे आणि तो कोडमध्येच पक्का बसवलेला आहे. बदलायचा तर नवा गव्हर्नर लिहावा लागेल, तपासून घ्यावा लागेल, त्याला टाइमलॉकची किल्ली द्यावी लागेल. हे महिन्यांचं काम. तोवर दार उघडं. समिती हे त्या दारावरचं तात्पुरतं कुंपण.

अधिकार कसा कापून दिला

समितीची बांधणी हा या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग. ईएनएसचा टाइमलॉक जुन्या धाटणीचा आहे. प्रस्ताव रद्द करण्यासाठी त्यात वेगळी भूमिका नाही. रद्द तोच करू शकतो, ज्याला प्रस्ताव रांगेत लावायची परवानगी आहे. त्या भूमिकेला प्रपोझर म्हणतात. म्हणजे समितीला नुसता नकाराधिकार द्यायचा म्हटलं तरी टाइमलॉकच्या दृष्टीने तिला प्रपोझर करणं भाग होतं. आणि प्रपोझर मतदानाशिवाय काहीही रांगेत लावू शकतो, अगदी तिजोरी रिकामी करण्याचा आदेशही. आठ राखणदारांना सरळ ही भूमिका दिली असती तर कुंपणानेच शेत खाण्याची सोय झाली असती.

म्हणून मध्ये एक छोटा करार बसवला. प्रपोझरची भूमिका त्या कराराकडे, आणि त्या कराराची मालकी समितीच्या मल्टिसिगकडे, म्हणजे ठरलेल्या सह्या जमल्यावरच चालणाऱ्या सामायिक खात्याकडे. करारातून समितीला फक्त रद्द करण्याचं बटण दिसतं. रांगेत लावायचं बटण त्यात लिहिलेलंच नाही. त्याच करारात दुसरं बटण आहे मुदतीचं: ठरलेली वेळ टळली की ते कोणीही दाबावं आणि कराराने आपली भूमिका स्वतःहून सोडून द्यावी.

इथे एक बारकावा निसटतो. मुदत भरली म्हणून अधिकार आपोआप जात नाही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट आपणहून काही करत नाही. कोणीतरी व्यवहार पाठवावा लागतो, थोडं गॅस शुल्क (व्यवहारासाठीचं शुल्क) भरावं लागतं. कोणीच बटण दाबलं नाही तर मुदत भरूनही भूमिका जागच्या जागी राहते. ‘कोणीही’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. डीएओने दाबावं असं लिहिलं असतं तर मतदान आलं असतं, मतदान आलं की टाइमलॉक आला असता, आणि टाइमलॉक आला की समितीचा नकाराधिकार आला असता.

समितीला काढणार कोण

खरी मेख इथे आहे. समितीचा अधिकार काढून घेणारा ठराव हाही एक प्रस्तावच. तो मंजूर होईल, दोन दिवस टाइमलॉकमध्ये थांबेल, आणि त्या दोन दिवसांत समिती तो रद्द करू शकेल. चार जणांनी ठरवलं तर ९९ टक्के मतांनी आलेला ठरावही ते पाडू शकतात. पुन्हा आणा, पुन्हा पाडतील. नवा गव्हर्नर आणायचा प्रस्तावही तसाच पाडता येईल. त्यांना तिजोरीतला एक पैसाही हलवता येत नाही, हे खरं. पण संस्थेचं सगळं कामकाज अडवून धरणं त्यांच्या आवाक्यात आहे.

तेव्हा दोन वर्षांची अट ही केवळ शिष्टाचाराची नाही. समितीच्या हाताबाहेर असलेला तो एकमेव दरवाजा आहे. इतर संस्थांत मुदत ही सोय असते. नकोसा झालेला पदाधिकारी मुदतीआधीही काढता येतो. इथे मतदार आपणच दिलेला अधिकार मुदतीआधी परत घेऊ शकतात ते समितीने तो ठराव जाऊ दिला तरच. याचा सरळ अर्थ असा की मुदतवाढ देताना डीएओ ‘आणखी दोन वर्षं यांनाच ठेवूया’ एवढंच म्हणत नसते. ‘आणखी दोन वर्षं आमचा निर्णय फिरवायचा हक्क आम्ही सोडतो’ असं म्हणत असते.

समितीतले लोक भले आहेत की नाहीत, हा वाद मी इथे घालत नाही. तो मुद्दाच नाही. चाव्या चोरीला जातात, माणसं काम सोडतात, एखाद्यावर कायद्याचा दबाव येतो. आणि ‘सेफ’ नावाच्या तयार साधनासारख्या मल्टिसिगमध्ये ठरलेल्या सह्या जमल्या की सह्या करणाऱ्यांची यादीच बदलता येते. म्हणजे आठातले चार जण मिळून उरलेल्या चारांना बदलू शकतात, आणि हे टाइमलॉकमधून जात नाही. ज्या आठ जणांवर विश्वास टाकला तेच आठ दोन वर्षांनी असतील, याची हमी कोड देत नाही. यादी साखळीवर उघडी असते, बघणारा हवा.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही करावा. आठपैकी पाच जणांच्या चाव्या हरवल्या किंवा ते वेळेत भेटले नाहीत तर समिती निकामी. तिला हालचाल करायला मिळतात ते टाइमलॉकचे ४८ तास. मतदान चालू असताना ती काही करू शकत नाही, कारण रद्द करायला आधी प्रस्ताव रांगेत लागावा लागतो. या दोन दिवसांत प्रस्ताव वाचायचा, तो खरंच घातकी आहे का ठरवायचं, वेगवेगळ्या देशांत आणि घड्याळांत विखुरलेल्या चौघांनी सह्या करायच्या. मे २०२३ मध्ये टोर्नेडो कॅश या व्यवहारांचा माग लपवणाऱ्या सेवेत मंजूर झालेल्या प्रस्तावाचा कोड मंजुरीनंतर बदलला गेला आणि हल्लेखोराने स्वतःला १२ लाख मतं बहाल केली. तिथली खरी मतं ७ लाखांच्या आसपास होती. असला डाव ४८ तासांत ओळखायला नुसती सही पुरत नाही, कोड वाचणारी नजर लागते.

वाढ मागणारे आणि नको म्हणणारे

मुदत जवळ आली की अशा संस्थांत बोलणी साधारण एकाच वळणाने जातात.

वाढ मागणारे म्हणतात, धोका अजून गेलेला नाही. कुंपण काढायचं कशाला? हा युक्तिवाद मजबूत आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. तिजोरी आणि जिवंत मतं यांचं गुणोत्तर सुधारलं नसेल, गव्हर्नरमधला एका ब्लॉकचा विलंब तसाच असेल, तर समिती हटवणं म्हणजे हल्लेखोराला आमंत्रण. पण याच युक्तिवादात एक सापळा आहे. धोका गेला नाही म्हणून वाढ, वाढ मिळाली म्हणून धोका घालवायची घाई नाही, घाई नाही म्हणून धोका तसाच. नव्या गव्हर्नरचं भिजत घोंगडं पडण्याचं सर्वांत मोठं कारण समिती चांगलं काम करते हेच असू शकतं.

नको म्हणणारे तत्त्वावर बोट ठेवतात: विकेंद्रित म्हणवता आणि चार जण बहुमत मोडू शकतात? तत्त्व बरोबर, पण त्यात पर्याय नाही. शिवाय १० कोटी टोकनांतल्या दहा-वीस लाख मतांनी तिजोरी जाऊ शकत असेल तर ती विकेंद्रितता तरी कसली, हा उलट प्रश्न त्यांना झेपत नाही.

तिसरा सूर हमखास निघतो: समितीने अधिकार फारसा वापरलाच नाही, मग हरकत काय? किंवा नेमकं उलट: वापरला नाही, मग हवा कशाला? दोन्ही फोल. नकाराधिकार वापरायची वेळ न येणं हे तो उपयोगी असल्याचंही लक्षण असू शकतं आणि धोका फुगवून सांगितल्याचंही. वापराच्या आकड्यातून हे कळत नाही. कळतं ते हल्ल्याच्या खर्चाच्या हिशेबातून. आणि तो हिशेब कोणालाही साखळीवरच्या आकड्यांतून मांडता येतो.

माझी तक्रार मूळ अटीबद्दल थोडी आहे. दोन वर्षं हा आकडा कॅलेंडरचा आहे, कारणाचा नाही. समिती नेमताना ‘नवा गव्हर्नर येईपर्यंत, पण दोन वर्षांपेक्षा जास्त नाही’ अशी जोड दिली असती, आणि गव्हर्नरचं काम कोणाकडे, किती पैशांत, हे त्याच ठरावात बांधलं असतं, तर मुदतवाढीचा प्रश्न आला तेव्हा मोजायला काहीतरी हाती असतं. नुसती तारीख असली की तारीख येते आणि सगळे परत पहिल्या पानावर.

कंपाउंडची वाट

ईएनएसने समिती उभी केली त्याच महिन्यात, जुलै २०२४ मध्ये, कंपाउंड या क्रिप्टो-कर्जाच्या प्रोटोकॉलच्या डीएओमध्ये काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. एका मोठ्या टोकनधारकाच्या गटाने कंपाउंडची ४,९९,००० कॉम्प टोकन, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे २.४ कोटी डॉलर, आपल्याशी निगडित व्हॉल्टमध्ये (टोकन ठेवायच्या करारात) हलवायचा प्रस्ताव आणला. आधीचे प्रयत्न फसले होते. २८ जुलैला मतदान संपलं: बाजूने ६,८२,१९१, विरोधात ६,३३,६३६. प्रस्ताव मंजूर! आरडाओरडा झाला, वाटाघाटी झाल्या, आणि राखीव निधीचा काही भाग टोकन स्टेक करणाऱ्यांना, म्हणजे ते अडकवून ठेवणाऱ्यांना, देण्याच्या बोलीवर तो मागे घेतला गेला. हा हल्ला होता की नियमात बसणारं राजकारण, यावर अजून दोन तट आहेत. माझ्या मते हीच या प्रकारच्या समित्यांची अवघड जागा आहे. कोडमधली चलाखी ओळखणं सोपं. पन्नास हजार मतांच्या फरकाने आलेला, नियमाला धरून असलेला, पण सगळ्यांना खटकणारा प्रस्ताव पाडावा का, हे मात्र समितीच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चार जणांच्या मनावर जातं.

कंपाउंडने पुढे आपल्या नव्या गव्हर्नरमध्ये प्रस्ताव रद्द करू शकणारा गार्डियन बसवला. त्याच्या पत्त्याशेजारीच त्याच्या मुदतीचा आकडाही साठवलेला असतो. मुदत टळली की त्याचं रद्द करणं चालत नाही, बटण दाबायला कोणी लागत नाही. आणि वाढ द्यायची तर मतदानाने तो आकडा बदलायचा, बस्स. ईएनएसमध्ये नव्या मुदतीसाठी नवा करार उभारून त्याला नव्याने प्रपोझर करायचं. वर वर पाहता कंपाउंडची सोय सुटसुटीत. पण आकडा बदलणं इतकं सोपं असलं की वाढीचा ठराव हा नेहमीच्या कामांच्या यादीतला एक बारीक ठराव होऊन बसतो. नवा करार लिहायचा म्हटलं की कोड दाखवावा लागतो, तो लोक वाचतात, ‘या वेळी काय वेगळं?’ असं विचारतात. ही कटकट मला हवीशी वाटते. जो अधिकार मुदतीआधी परत घेता येत नाही, तो पुन्हा देताना थोडा घाम गाळावा लागलेला बरा.

वाढ द्यायचीच तर

धोका कायम असेल तर वाढ द्यावी, असं माझं मत आहे. पण जुन्या अटी जशाच्या तशा उचलून नाही.

मुदत वर्षाची असावी. दोन वर्षं ही पहिल्यांदा ठीक होती, कारण काय दुरुस्त करायचं आहे हेच पुरतं ठरलेलं नव्हतं. आता ठरलेलं आहे: विलंब एका ब्लॉकवरून काही दिवसांवर न्यायचा, म्हणजे वाईट प्रस्ताव दिसल्यावर लोकांना मतं सोपवायला वेळ मिळेल. वाढीच्या ठरावातच या कामाची जबाबदारी आणि पैसे बांधावेत. नवा गव्हर्नर रुळला की समितीची गरज बरीच ओसरते. पूर्ण नाही, पण बरीच.

स्वतःच्या बरखास्तीचा ठराव समितीला पाडता येऊ नये, अशी सोय नव्या करारात करता येईल का? अवघड आहे. टाइमलॉकला प्रस्तावाची फक्त ओळख-खूण दिसते. रद्द करणाऱ्या कराराला त्यात काय लिहिलंय हे वाचायला लावायचं तर गुंतागुंत वाढते, आणि हल्लेखोर आपला प्रस्ताव बरखास्तीच्या ठरावाला चिकटवून आणायला मोकळा होतो. यापेक्षा मुदत छोटी ठेवणं आणि बटण सर्वांना खुलं ठेवणं हाच साधा उपाय.

सह्या करणाऱ्यांची नव्याने निवड व्हावी. तेच आठ परत निवडून आले तरी हरकत नाही, पण आपोआप चालू राहू नयेत. आणि वाढीचा प्रस्ताव समितीतल्या कोणी मांडू नये. कायद्याने नव्हे, संकेताने.

राहिलं तारखांचं गणित, ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. मुदत कोणत्या सेकंदाला भरते हे साखळीवर लिहिलेलं आहे. हल्लेखोरही ते वाचतो. मतदान साधारण ६.४ दिवसांचं. समजा, त्याने मुदत भरण्याच्या बरोबर तेवढे दिवस आधी प्रस्ताव टाकला. मतदान चालू असेपर्यंत समितीला हात लावता येत नाही. प्रस्ताव रांगेत लागतो तेव्हा मुदत नुकतीच भरलेली असते. मग मुदतीचं बटण तो स्वतःच दाबतो, आणि पुढचे दोन दिवस टाइमलॉकमध्ये त्याला अडवणारं कोणी उरत नाही. त्याचा प्रस्ताव दिसल्यावर नवी समिती आणायचा ठराव मांडला तर त्याला मतदान आणि टाइमलॉक मिळून ८.४ दिवस लागतात. हल्लेखोर त्याच्या पुढेच राहतो.

त्यामुळे वाढीचा ठराव मुदतीच्या दिवशी नाही, त्याच्या बराच आधी पूर्ण झालेला हवा. एकाच प्रस्तावात दोन आदेश घालता येतात: नव्या कराराला भूमिका द्या आणि जुन्याची काढून घ्या. दोन्ही एकाच व्यवहारात झाले तर मध्ये एक क्षणही रिकामा जात नाही आणि दोन समित्या एकाच वेळी नांदतही नाहीत. फक्त हा प्रस्तावही दोन दिवस जुन्या समितीच्या हातात असतो. नवी निवड तिला रुचली नाही आणि तिने तो पाडला, तर दुसरा प्रस्ताव आणायला आणखी ८.४ दिवस हवेत. दोन फेऱ्यांचे सतरा दिवस, अधे-मधे रांगेत लावणं आणि बोलणी. तेव्हा पहिला प्रस्ताव मुदतीच्या किमान महिनाभर आधी साखळीवर असावा, आणि त्याचा कोड त्याच्याही आधी लोकांनी वाचलेला असावा.